परवानाधारक मसाज थेरपिस्ट व्हायचे आहे; गोव्यात राहून रीतसर शिक्षण कसे घ्यावे?

मयेकाठ (डिचोली)

नमस्कार. माझे वय २६ वर्षे आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर गेली चार वर्षे मी बार्देशच्या किनारपट्टीवरील एका हॉटेलच्या स्पामध्ये स्वागतकक्ष सांभाळते. पाहुण्यांना वेळा लावून देणे, बिले करणे आणि कोणती थेरपिस्ट केव्हा मोकळी आहे याचा तक्ता ठेवणे एवढेच माझे काम असले, तरी या चार वर्षांत थेरपिस्टांचे काम मी फार जवळून पाहिले. आमच्याकडील बहुतेकजणी ईशान्येकडील राज्यांतून आणि केरळमधून आलेल्या आहेत. त्यांच्यापैकी एकीने गेल्या पावसाळ्यात, पाहुणे नसलेल्या दुपारी, मला पाठीवरचे काही स्ट्रोक, म्हणजे हात चालवण्याच्या पद्धती, शिकवल्या, आणि तेव्हापासून हेच काम करावे असे मनाने घेतले आहे.

माझी मावसबहीण अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहते. तिच्याकडून असे कळले की तिथे परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळाल्याखेरीज कोणी मसाज थेरपिस्ट म्हणवून घेऊ शकत नाही. मी इथे तसा परवाना शोधू लागले, तेव्हा किनाऱ्यावरील एका संस्थेने दहा दिवसांत ‘आंतरराष्ट्रीय परवाना’ देण्याचे कबूल करून ४५,००० रुपये शुल्क सांगितले. जागा भरत आल्या आहेत असे ऐकून मी घाईघाईने १०,००० रुपये आगाऊ भरले आणि आता मन साशंक झाले आहे.

भारतात किंवा गोव्यात मसाज करणाऱ्या व्यक्तीला असा परवाना मिळतो का? मिळत नसेल तर कोणते प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते आणि ते मिळवायला किती काळ द्यावा लागतो? आयुर्वेदिक अभ्यंग आणि स्पामधील मसाज यांचे शिक्षण वेगवेगळे घ्यावे लागते का? आणि अनुभवी मंडळींनी शक्य झाल्यास हेही सांगावे की घरच्यांना कसे समजवावे, कारण माझ्या वडिलांनी “पदवी घेऊन आता लोकांचे पाय चेपणार काय?” एवढे एकच वाक्य उच्चारले आणि विषय संपवला.

चौदा वर्षे तेलात (सासष्टी)

मयेकाठ ताई, मी १४ वर्षे थेरपिस्ट म्हणून काम केले आणि आता दक्षिण गोव्यातील एका हॉटेलात नव्या मुलींना शिकवते. प्रथम परवान्याविषयी लिहिते, कारण त्या एका शब्दावर आपल्या किनाऱ्यावर पुष्कळांचे पैसे बुडाले आहेत.

आपल्याकडे परवाना असतो तो जागेला. गोव्यात स्पा किंवा मसाज पार्लर चालवायचे असेल, तर सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली आरोग्य खात्याची परवानगी लागते आणि शिवाय पंचायतीचा किंवा पालिकेचा व्यवसाय परवाना लागतो. टेबलाशी उभे राहून प्रत्यक्ष मसाज करणाऱ्या व्यक्तीला नोंदवून घेणारी, परीक्षा घेऊन तिला परवाना देणारी आणि चूक झाल्यास तो काढून घेणारी परिषद भारतात नाही. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात फिजिओथेरपिस्ट येतात, स्पामध्ये मसाज करणारे येत नाहीत. तेव्हा दहा दिवसांत मिळणारा ‘आंतरराष्ट्रीय परवाना’ हा छापखान्यातून आलेला कागद आहे असे समजून चालावे. तो दाखवल्यावर परदेशातील कोणतेही राज्य तुम्हाला टेबलाजवळ उभे करणार नाही, आणि इथल्या चांगल्या हॉटेलात तर मुलाखत घेणारी बाई तो बाजूला ठेवून आपली स्वतःची पाठ पुढे करते.

परवाना नसला तरी प्रमाणपत्राची रीतसर वाट आहे. केंद्र सरकारच्या कौशल्य व्यवस्थेत ‘ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल’ नावाची परिषद आहे आणि तिच्या अभ्यासक्रमांत ‘असिस्टंट स्पा थेरपिस्ट’ व त्यावरची पायरी ‘स्पा थेरपिस्ट’ अशी दोन कामे ठरवून दिलेली आहेत. दुसरी वाट आयटीआयची आहे. शिल्पकार प्रशिक्षण योजनेत ‘स्पा थेरपी’ हा दहावीनंतरचा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे. देशातील प्रत्येक आयटीआयमध्ये तो चालतोच असे नाही, म्हणून डिचोलीच्या आयटीआयमध्ये किंवा राज्याच्या कौशल्य विकास संचालनालयात जाऊन यंदा कोणत्या तुकड्या निघणार आहेत याची चौकशी करावी. आणखी एक सोय पुष्कळांना ठाऊक नसते. जी व्यक्ती आधीपासून हे काम करते, तिला पूर्ण अभ्यासक्रम पुन्हा न करता पूर्वानुभवाची चाचणी देऊन प्रमाणपत्र मिळू शकते. तुम्हाला ती सध्या लागू पडणार नाही, परंतु तुमच्या स्पामधील त्या शिकवणाऱ्या मैत्रिणीला अवश्य सांगा.

एखादी संस्था खरी की खोटी हे ओळखण्यासाठी अभ्यासक्रमाचे नेमके नाव आणि सांकेतिक क्रमांक मागून घ्या आणि तो राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत शोधा. ही नोंदवही संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. सापडला नाही तर पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. सापडला तरीही एक दिवस वर्गात बसू द्या अशी विनंती करा आणि तिथे गेल्यावर दोन गोष्टी पाहा. टेबलावर विद्यार्थिनी एकमेकींवर सराव करत आहेत की पडद्यावर चित्रफीत चालू आहे, ही पहिली. दुसरी, शिक्षिका मसाज कोणाला करू नये याविषयी किती वेळ बोलते. ज्या वर्गात “मसाजने शरीरातील विष बाहेर पडते” किंवा “व्यायामानंतरचे लॅक्टिक आम्ल मसाजने निघून जाते” असे शिकवले जाते, तिथून मी तरी उठून येईन. व्यायामानंतर वाढलेले लॅक्टेट शरीर स्वतःच साधारण तासाभरात मार्गी लावते, त्यासाठी आपल्या हातांची गरज नसते. आपल्या हातांनी स्नायूंचा ताण सैल होतो, काही काळ वेदना कमी वाटते आणि झोप चांगली लागते, आणि एवढे प्रामाणिकपणे सांगता आले तरी पाहुणे परत येतात.

स्वीडिश मसाज हा जवळजवळ सगळ्या स्पांचा पाया आहे. नाव स्वीडिश असले आणि श्रेय स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांना दिले जात असले, तरी त्यातील स्ट्रोकची फ्रेंच नावे अ‍ॅमस्टरडॅमच्या योहान मेझगर या डॉक्टरांनी रूढ केली असे मानतात. एफ्ल्युराज म्हणजे लांब सरकता हात, पेट्रिसाज म्हणजे कणीक मळल्यासारखे मळणे, टापोटमाँ म्हणजे थापटणे, आणि त्यांच्या जोडीला घर्षण व कंपन. ही पाच नावे पाठ करायला एक दुपार पुरते. ती हातात यायला माझ्या अनुभवाप्रमाणे सहा महिने आणि निदान ५० वेगवेगळी शरीरे लागतात, कारण रेतीवर धावणाऱ्या पंचविशीतल्या तरुणाची पोटरी आणि साठीच्या मधुमेही बाईची पोटरी या एकाच पुस्तकातील एकाच चित्राने समजत नाहीत.

हरमल, मोरजी भागात हिवाळ्यात आठ-दहा दिवसांचे थाई मसाजचे वर्ग भरतात. त्यांना मी नावे ठेवणार नाही. बँकॉकच्या वाट फो मंदिरातील शाळेचा प्राथमिक अभ्यासक्रमसुद्धा ३० तासांचाच आहे, आणि त्याच थाई मसाजला २०१९ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. परंतु तो आधीच काम करणाऱ्याने आपल्या कामात घातलेली भर म्हणून घ्यावा. सुरुवात त्यातून करू नये.

एक सूचना जाता जाता. स्त्रीने पुरुषाला किंवा पुरुषाने स्त्रीला मसाज करणे, ज्याला इथे सरसकट ‘क्रॉस मसाज’ म्हणतात, त्यावरून किनाऱ्यावर होणाऱ्या कारवाया तुम्ही वर्तमानपत्रांत वाचतच असाल. नोकरी धरण्यापूर्वी त्या जागेचा आरोग्य खात्याचा परवाना भिंतीवर लावलेला आहे का आणि या बाबतीत मालकाचा नियम काय आहे, हे स्पष्ट विचारून घ्या. छाप्याच्या दिवशी मालक सहसा जागेवर सापडत नाही.

फोंड्याचा वैद्य

वरील प्रतिसाद अनुभवाचा आहे. मी केवळ आयुर्वेदाच्या बाजूविषयी लिहितो, कारण तिथे शब्दांचा घोळ अधिक आहे.

‘पंचकर्म मसाज’ अशी पाटी आपल्या किनाऱ्यावर जागोजागी दिसते, पण शास्त्राच्या दृष्टीने असे काही नाही. वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण ही पाच कर्मे. अभ्यंग आणि स्वेदन, म्हणजे शेक देऊन घाम आणणे, ही त्यांच्या आधी करावयाची पूर्वकर्मे. सर्वांगाला कोमट तेल लावणे हा अभ्यंग दिनचर्येचाही भाग आहे, आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे घरोघरी होतो तोच. मात्र चिकित्सा म्हणून तो करायचा झाला, तर कोणते तेल, किती वेळ आणि कोणत्या अवस्थेत, हे वैद्य ठरवतो. तेल लावणारी व्यक्ती ते ठरवत नाही. त्यामुळे या क्षेत्रात दोन स्पष्ट पदे आहेत. वैद्य व्हायचे तर बीएएमएस ही साडेपाच वर्षांची पदवी, त्यातले शेवटचे एक वर्ष आंतरवासितेचे. वैद्याच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष उपक्रम करायचे तर ‘पंचकर्म तंत्रज्ञ’ हा आरोग्यसेवा कौशल्य परिषदेचा अभ्यासक्रम. आपल्यासाठी दुसरा सुसाध्य आहे, आणि पेडणे तालुक्यात धारगळ येथे डिसेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे केंद्र सुरू झाल्यापासून उत्तर गोव्यातील मुलामुलींना हे काम रुग्णालयाच्या शिस्तीत कसे चालते ते पाहण्याची सोय झाली आहे. शिरोड्याचे आयुर्वेद महाविद्यालय तर जुनेच आहे. दोन्ही ठिकाणी चौकशी करावी.

स्पामधील मसाज आणि अभ्यंग यांच्या हातांत फरक असतो. केरळीय पद्धतीत द्रोणीच्या, म्हणजे त्या लांब लाकडी टेबलाच्या, दोन्ही बाजूंना दोघेजण उभे राहून एकाच लयीत तेल चालवतात. तिथे खोल दाबाला महत्त्व कमी आणि लयीला अधिक. शिरोधारेत तेलाचे पात्र कपाळापासून चार अंगुळे उंच असावे, धार मध्ये तुटू नये आणि तेल किती कोमट आहे हे प्रत्येक वेळी स्वतःच्या मनगटावर पाहावे, अशा बारीक गोष्टी पुस्तकात चार ओळींत येतात आणि हातात उतरायला महिने घेतात. तेल थेट आचेवर तापवू नये, गरम पाण्यात भांडे ठेवून कोमट करावे, हे तर पहिल्या दिवसाचे शिक्षण आहे. तरीही उलट करणारे मी पाहिले आहेत.

आता ज्या विषयावर सगळ्यांत जास्त वेळ द्यावा असे मला वाटते, तो म्हणजे मसाज केव्हा करू नये. नवा ज्वर आणि अजीर्ण असताना, तसेच शोधन, म्हणजे वमन-विरेचनासारखी शुद्धी, झाल्यावर लगेच अभ्यंग करू नये असे आपले ग्रंथ सांगतात. आधुनिक वैद्यक त्यात बरीच भर घालते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, त्वचेचा संसर्ग, अस्थिभंग, आणि गरोदरपणात तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय केलेला मसाज, हे सर्व त्यात येते. पण आपल्या गोव्यात सर्वांत जास्त लक्षात ठेवावी अशी गोष्ट पोटरीची आहे. दहा-बारा तास विमानात बसून आलेला पाहुणा दुसऱ्याच दिवशी स्पामध्ये येतो आणि म्हणतो की एका पायाची पोटरी दुखते, जरा जोरात दाबा. काही वर्षांपूर्वी असाच एक परदेशी गृहस्थ माझ्याकडे आला. डावी पोटरी उजवीपेक्षा डोळ्यांना दिसेल इतकी सुजलेली, हाताला गरम लागणारी आणि दाबल्यावर कळवळायला लावणारी होती. मी तेलाला हात न लावता त्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पाठवले आणि तिथे खोल शिरेत रक्ताची गाठ असल्याचे निदान झाले. ती पोटरी कोणी मळली असती, तर गाठ सुटून फुप्फुसात जाण्याचा आणि जिवावर बेतण्याचा धोका होता. दोन्ही पाय सारखे दुखत असतील तर तो बहुधा थकवा असतो. एकच पाय सुजलेला आणि गरम असेल तर हात मागे घ्यावा आणि त्याला डॉक्टरकडे जायला सांगावे.

म्हणून मसाजपूर्वी भरून घेतला जाणारा माहितीचा फॉर्म, जो बहुतेक स्पांमध्ये सही घेण्यापुरता असतो, तो आपण स्वागतकक्षात बसून आजपासूनच वाचायला लागा. आपल्याला मिळालेली ही संधी वर्गातील विद्यार्थिनींना मिळत नाही.

पेडण्याहून एडिसनला

मयेकाठ, तुमच्या मावसबहिणीने सांगितले ते बरोबर आहे, मात्र ते अपुरे आहे. मी स्वतः थेरपिस्ट नाही. माझ्या पत्नीने इथे न्यू जर्सीत येऊन हे शिक्षण घेतले, तेव्हा कागदपत्रांची सारी वाट आम्ही दोघांनी मिळून तुडवली.

अमेरिकेत एक राष्ट्रीय परवाना नाही. प्रत्येक राज्याचे मंडळ वेगळे आणि त्याची अट वेगळी. न्यू जर्सीत मान्यताप्राप्त शाळेतील ५०० तासांचे शिक्षण लागते, तर पलीकडे नदी ओलांडून न्यूयॉर्कमध्ये गेलात की तेच १,००० तास होतात. बहुतेक राज्ये ‘एमब्लेक्स’ नावाची एक सामाईक परीक्षा मानतात. राज्यांच्या मसाज मंडळांचा महासंघ ती घेतो. संगणकावर १०० प्रश्न आणि ११० मिनिटे. विशेष म्हणजे या परीक्षेत प्रत्यक्ष मसाज करून दाखवायचा नसतो, कारण हातांची परीक्षा शाळेने आधीच घेतली आहे असे गृहीत धरलेले असते. प्रश्न असतात ते शरीररचना, स्नायूंच्या हालचाली, रोगांची ओळख, मसाज केव्हा टाळावा, पाहुण्याची तपासणी आणि व्यवसायातील नीती व कायदा यांवर. माझी पत्नी रोज रात्री स्वयंपाकघरातील भिंतीवर स्नायूंची चित्रे चिकटवून ‘उगम कोठे, शेवट कोठे’ असे पुटपुटत पोळ्या लाटत असे, आणि आमच्या मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच ट्रॅपेझियस हा शब्द येऊ लागला होता. परीक्षेखेरीज बोटांचे ठसे घेऊन पार्श्वभूमीची तपासणी होते आणि ठरावीक मुदतीने परवान्याचे नूतनीकरण करावे लागते. कॅलिफोर्नियात मात्र राज्याचा परवाना नाही, तिथे ऐच्छिक प्रमाणन आहे. एकाच देशात इतका फरक.

गोव्यात घेतलेले तास इथे आपोआप धरले जात नाहीत. परदेशी शिक्षणाचे मूल्यमापन करून घ्यावे लागते, आणि आमच्या माहितीतील बहुतेकांनी शेवटी इथल्याच शाळेत नव्याने नाव घातले. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात तर ‘नोंदणीकृत मसाज थेरपिस्ट’ होण्यासाठी साधारण दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आणि त्यानंतर नियामक मंडळाची परीक्षा आहे. मसाज थेरपिस्ट म्हणून व्हिसा मिळवून इकडे येण्याची वाट जवळजवळ नाहीच, हे तुम्हाला कोणताही एजंट सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. दुसऱ्या कारणाने इथे आलात, तर हे शिक्षण इथे घेता येते.

थोडे अवांतर होईल, पण परवाना या कल्पनेला देशोदेशी किती वेगळे अर्थ आहेत हे पाहताना मला एक गोष्ट फार विलक्षण वाटली. जपानमध्ये मसाजचा परवाना मिळवायला किमान तीन वर्षांचे शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा आहे, आणि दक्षिण कोरियात हा परवाना कायद्याने केवळ दृष्टिहीनांसाठी राखीव आहे. त्यांच्या घटना न्यायालयाने २००६ साली ती तरतूद रद्द ठरवली होती, दृष्टिहीन मसाज करणाऱ्यांनी तीव्र आंदोलन केले, आणि २००८ साली त्याच न्यायालयाने नवी तरतूद उचलून धरली. त्या लोकांच्या हातांवर तिथला समाज किती विश्वास टाकतो हे तुमच्या वडिलांना ऐकवून पाहा.

तारवटी

मी स्वयंपाक विभागात आहे, स्पामध्ये नाही, तरी क्रूझ जहाजांविषयी दोन शब्द. जहाजावरील स्पा बहुधा वेगळी कंपनी चालवते, आणि तिथे भारतातील प्रमाणपत्रापेक्षा प्रत्यक्ष चाचणी, इंग्रजी संभाषण आणि सौंदर्यप्रसाधने विकण्याची हातोटी यांना अधिक किंमत आहे. एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसारचे, मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी सर्वांनाच करावी लागते. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. त्याहून अधिक मागणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा. बहुतेक तिथेच संभाषण संपते. जहाजावर दिवसाला आठ-आठ मसाज करावे लागतात असे आमच्या स्पामधील मुली सांगत, आणि करार संपेपर्यंत अर्ध्याजणींच्या मनगटाला पट्टा असे.

मयेकाठ (डिचोली)

सर्वांची मनापासून आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे मी त्या संस्थेत पुन्हा गेले आणि अभ्यासक्रमाचा सांकेतिक क्रमांक मागितला. तो “दिल्लीहून यायचा आहे” असे उत्तर मिळाले. वर्गात बसू देण्याची विनंती केली, तेव्हा एक तास बसू दिले. तेवढ्या वेळात शिक्षिकेने ‘विष बाहेर पडते’ हे वाक्य तीन वेळा उच्चारले आणि मसाज कोणाला करू नये हा विषय एकदाही निघाला नाही. आगाऊ भरलेले १०,००० रुपये परत मिळणार नाहीत असे स्पष्ट सांगण्यात आले. पावतीवर तशी ओळ बारीक अक्षरांत छापलेली होती, ती मी वाचली नव्हती. ती रक्कम गेली असे धरून चालले आहे.

त्यानंतर म्हापशातील एका केंद्रात चौकशी केली. तिथल्या सहायक स्पा थेरपिस्टच्या अभ्यासक्रमाची नोंद नोंदवहीत सापडली आणि हजेरीशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत असेही त्यांनी आपण होऊन सांगितले. सकाळची तुकडी असल्यामुळे दुपारनंतर हॉटेलातील नोकरी चालू ठेवता येईल. पोटरीविषयीचा परिच्छेद मी आमच्या स्पामधील सर्वांना वाचून दाखवला, आणि फॉर्ममध्ये ‘गेल्या दोन दिवसांत लांबचा विमानप्रवास झाला आहे का?’ हा प्रश्न घालण्यास व्यवस्थापकांनी मान्यता दिली.

घरचा प्रश्न मात्र थोड्या वेगळ्या मार्गाने सुटू लागला आहे. जपान-कोरियाची हकीकत वडिलांनी ऐकून घेतली आणि ते काही बोलले नाहीत. आजी मात्र बोलली. आमच्या वाड्यावर बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावायला जी बाई येत असे, तिला घरात पाटावर बसवून चहा दिल्याखेरीज कोणी जाऊ देत नसे आणि चवथीला तिची ओटी भरल्याशिवाय सण पुरा होत नसे, हे आजीने वडिलांना ऐकवले. त्यांना स्वतःला लहानपणी त्याच बाईने तेल लावले होते. वडिलांनी अजून होकार दिलेला नाही. परंतु काल त्यांनी वर्गाची वेळ विचारली.

आता एकच प्रश्न उरला आहे. मैत्रिणीच्या पाठीवर आठवडाभर रोज अर्धा तास सराव केला, तर माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले आहे. हे सुरुवातीचे दुखणे आहे की माझे हातच या कामासाठी कच्चे आहेत?

चौदा वर्षे तेलात (सासष्टी)

हात कच्चे नाहीत, पद्धत चुकते आहे. सुरुवातीला प्रत्येकजण अंगठ्याने दाबतो, कारण आखडलेल्या स्नायूतील गाठ अंगठ्यालाच प्रथम जाणवते, आणि जोर खांद्यातून काढतो. आठवडाभर अंगठ्याला पूर्ण विश्रांती द्या. त्यानंतर गाठ शोधायला बोटे वापरा, पण दाब द्यायला तळहाताचा मऊ भाग, मूठ किंवा कोपराखालचा हात वापरा. अंगठा वापरायचाच झाला तर तो मनगटाच्या सरळ रेषेत ठेवा आणि दुसऱ्या हाताचा आधार द्या, बाहेरच्या बाजूला वाकलेल्या अंगठ्यावर वजन टाकू नका.

जोर पायांतून यायला हवा. एक पाय पुढे, एक मागे, पुढचा गुडघा किंचित वाकलेला, आणि मागच्या टाचेपासून शरीर पुढे झुकवायचे, म्हणजे आपले वजन हातांतून आपोआप उतरते. पाठ वाकवून, हातांनी ढकलून केलेला मसाज पाहुण्यालाही कळतो, त्याला तो टोचल्यासारखा वाटतो. मैत्रिणीच्या पाठीवर सराव करताना ती पलंगावर झोपलेली असणार आणि तुम्ही कमरेतून वाकलेल्या असणार, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर अंगठ्यापाठोपाठ महिनाभरात कंबरही बोलू लागेल.

कण्याच्या हाडांवर थेट दाब नको, त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर काम करा. मानेचा पुढचा भाग, काख, गुडघ्यामागची खळगी आणि बरगड्यांखाली मूत्रपिंडांची जागा इथे जोर लावायचाच नाही, सरावातसुद्धा नाही. दिवसाला चार-पाच मसाजांपुढे जाऊ नका आणि दोन मसाजांच्या मध्ये निदान पंधरा मिनिटे मागून घ्या. मागितली नाहीत तर कोणी आपण होऊन देत नाही. आठवड्याच्या विश्रांतीनंतरही अंगठा दुखतच राहिला, तर वर्ग सुरू होण्यापूर्वी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

टेबलाची उंची पहिल्याच दिवशी मोजून घ्या. सरळ उभ्या राहिलात आणि हात बाजूला सोडून मूठ वळलीत, तर बोटांची पेरे टेबलाला टेकली पाहिजेत, आणि खोल दाब द्यायचा असेल तेव्हा टेबल त्याहून थोडे खाली हवे. वर्गातील टेबल ठरावीक उंचीचे असेल आणि तुम्हाला उंच पडत असेल, तर पायांखाली लाकडी पाट घ्यायला संकोच करू नका. माझी उंची पाच फूट आहे, आणि माझा पाट १४ वर्षांत तीन हॉटेले फिरून आला आहे.